आरएक्स-७ परत परत ओव्हर होतेय, स्टार्ट होत नाहीये? इंजिन उघडायच्या आधी हे बघा

मंडळी, ज्यांच्याकडे रोटरी इंजिनची माझदा आहे किंवा घ्यायचा किडा डोक्यात वळवळतोय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण ओव्हर होण्याच्या (म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन इंजिन बुडण्याच्या) या एका प्रॉब्लेमनं माझं जवळपास दीड वर्ष खाल्लं आणि शेवटी निघालं काय तर एक वायर आणि एक इंजेक्टर. मधल्या काळात एका गॅरेजवाल्यानं इंजिन गेलंय म्हणून सांगितलं होतं, रिबिल्डचं कोटेशनही दिलं होतं, आणि मी ते जवळपास मान्य केलं होतं. जवळपास.

गाडी १९९० ची आरएक्स-७, एफसी (म्हणजे दुसऱ्या पिढीची), लेट मॉडेल, २०५ पीएसचं १३बी टर्बो, मॅन्युअल. मी जपानमध्ये कावासाकी शहरात राहतो, बिल्डिंगखाली जागा नाही म्हणून चार मिनिटं चालत गेल्यावर महिना भाड्याचं पार्किंग आहे तिथं ती उभी असते. लक्षणं अशी की कधी एका सेल्फला चालू, अगदी शहाण्यासारखी. कधी सकाळी सेल्फ मारत बसलं तरी नुसतं फिरतंय, पेट्रोलचा घमघमाट, आणि काही नाही. आणि कधी तासभर एक्सप्रेसवेवर मस्त पळून आली, दहा मिनिटं चहाला थांबलो, परत किल्ली फिरवली की सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरतो आणि गाडी मेलेली. मी सगळं एकाच खात्यात टाकलं होतं, "स्टार्टिंग ट्रबल" म्हणून. हीच पहिली चूक.

गाडी घेतली तेव्हा बाबांना फोटो पाठवला होता. आमचे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले, त्यांचा पहिला प्रश्न, "माझदा म्हंजे त्यो स्वराज माझदाचा टेम्पो का रं?" म्हटलं हो बाबा, तीच माझदा, पण यात पिस्टन नाही. त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मग ढकलायला किती जण लागत्यात?"

तर पिस्टन नाही म्हणजे काय हे थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट हाऊसिंगमध्ये फिरतो, त्याच्या तीन टोकांना तीन एपेक्स सील, बाजूंना साइड सील, कोपऱ्यात कॉर्नर सील. १३बी मध्ये असे दोन रोटर, एकेक ६५४ सीसी, मिळून १३०८. (जपानात रोड टॅक्सला हेच दीडपट धरतात, म्हणजे १९६२ सीसी, म्हणजे दोन लिटरच्या गटात ३९,५०० येन, आणि गाडी १३ वर्षांवरची म्हणून वर साधारण १५ टक्के दंड, झाले ४५,४०० च्या आसपास. इंजिन तेराशेचं, टॅक्स दोन हजारचा, असो.) व्हॉल्व्ह नाहीत, नुसती भोकं, जी रोटर स्वतःच झाकतो आणि उघडतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉम्प्रेशन जे बनतं ते सील आणि हाऊसिंगमधल्या तेलाच्या पातळ थराच्या जोरावर. तो थर धुतला गेला की इंजिन धडधाकट असूनही कॉम्प्रेशन डाऊन.

आता ज्यांनी बजाज चेतक चालवलीय त्यांना ओव्हर होणं म्हणजे काय हे समजवायला नको. पेट्रोल जास्त गेलं, प्लग ओला, मग स्कूटर एका बाजूला आडवी करायची, परत सरळ करून चार किका. रोटरीत तेच होतं, फक्त गाडी आडवी करता येत नाही. थंड इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) भरपूर पेट्रोल देतो, त्यातलं बरंचसं थंड हाऊसिंगच्या भिंतीला चिकटून राहतं, आणि इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही ते बंद केलंत की ते सगळं आतच. ते तेलाचा थर धुतं. पुढच्या वेळी सेल्फ माराल तेव्हा कॉम्प्रेशन कमी, प्लग ओला, गाडी पेट घेत नाही, आणि सेल्फच्या प्रत्येक फेऱ्याला इंजेक्टर अजून पेट्रोल ओततायत. म्हणजे जितकी जास्त मेहनत कराल तितकं जास्त बुडवाल. जपानी मेकॅनिक याला "काबुत्ता" म्हणतात, रोडसाइडवाला माणूस बॉनेट उघडायच्या आधी नुसता वास घेऊन मान हलवत "काबुत्ता ने" म्हणाला होता, मला वाटलं माझ्या गाडीचं श्राद्ध घालतोय.

म्हणून पहिला नियम हा की कान द्या. चांगल्या रोटरीला सेल्फ मारला की ठेका ऐकू येतो, फुफ्-फुफ्-फुफ्-फुफ्, सारख्या अंतरानं. ओव्हर झालेली गाडी ठेका देत नाही, नुसती सुईईई करत मोकळी फिरते, जणू प्लग काढून ठेवलेत. सेल्फ जड, सावकाश फिरत असेल तर भानगड बॅटरी, वायर किंवा सेल्फची, इंजिनला अजून हात लावू नका. आणि ठेका आहे पण लंगडा, म्हणजे दोन ठोके आणि मधे खड्डा, असं दर वेळी ऐकू येत असेल तर मात्र सीलची भीती खरी. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, थंड असताना एक, गरम असताना एक. मी हे सहा महिने उशिरा केलं, आणि ऐकल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे दोन वेगळे आजार आहेत, एकाचा आवाज सुईईई आणि दुसऱ्याचा कण्हणं.

ओव्हर झालेली गाडी परत कशी आणायची ते सविस्तर सांगतो, कारण हे रात्री पार्किंगमध्ये एकट्यानं करायची वेळ येते. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ईजीआय असं छापलेला फ्यूज शोधा आणि काढा. जागा मॉडेलप्रमाणे बदलते म्हणून माझ्यावर विसंबू नका, झाकण वाचा. तो निघाला की पेट्रोल बंद. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती, परत दहा सेकंद, असं तीन-चार वेळा. बऱ्याचदा एवढ्यानं ठेका परत येतो, मग फ्यूज लावा आणि नेहमीसारखी स्टार्ट करा. नाहीच आला तर प्लग काढायचे. प्रत्येक रोटरला दोन, खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग, आणि वायरी काढायच्या आधी टेपचे तुकडे लावून नावं लिहा, कारण अंधारात उलटसुलट लागल्या की पुढचा तास तुम्ही नसलेला दोष शोधणार. प्लगही एकमेकांच्या जागी घालायचे नाहीत, लीडिंगला एनजीकेचा ७ नंबर आणि ट्रेलिंगला ९, हीट रेंज वेगळी आहे. खालचे दोन काढले तरी चालतं. इग्निशन कॉइलचा कनेक्टर सोडवा, हे विसरू नका, आणि मगच सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो, अक्षरशः धुकं, तिथं ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. सिगरेटवाला मित्र जवळ असेल तर त्याला दूध आणायला पाठवा.

फवारा थांबला की प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल. पातळ नळी लावलेली सिरिंज बरी पडते. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनं, हातानं दोन-चार फेरे फिरवा म्हणजे तेल सीलपर्यंत पोचतं. इथंच तुम्हाला कळतं कॉम्प्रेशन परत आलं का, कारण पाना मघाशी लोण्यातून फिरत होता तो आता अडखळायला लागतो आणि प्रत्येक अडखळीनंतर पोर्टमधून फुस्स असा श्वास सुटल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा तो फुस्स ऐकला तेव्हा रात्री पावणेबारा वाजता मी पार्किंगमध्ये एकटाच हसलो होतो. कोरडे प्लग लावा, शक्यतो नवे, बॅटरीला दुसरी जोडा, फ्यूज लावा, आणि मारा. चालू होताना पांढऱ्या धुराचा लोट निघतो, आतलं तेल जळतंय, घाबरायचं नाही. शेजारी घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या पार्किंगसमोरच्या आजींनी एकदा फायर ब्रिगेडला फोन करायला घेतला होता, तेव्हापासून मी त्यांना दर दिवाळीला चिवडा देतो. आणि चालू झाली की लगेच बंद करायची नाही, टेंपरेचरचा काटा जागेवर येईपर्यंत चालू राहू द्या, शक्य असेल तर वीस मिनिटं फिरवून आणा.

आरएक्स-८ (माझदाचीच नंतरची रोटरी) वाल्यांना हे सोपं आहे, तिथं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की ईसीयू स्वतःच पेट्रोल तोडतो, फ्यूज काढायची गरज नाही. दहा सेकंद मारा, पाय काढा, मग नेहमीप्रमाणे.

ही झाली मलमपट्टी. माझी गाडी दर तीन-चार आठवड्यांनी हेच करायची, म्हणून मी गॅरेजला नेली. त्यांनी रोटरीचं कॉम्प्रेशन टेस्टर लावलं आणि कागद हातात दिला, पुढचा रोटर ५.८, ५.७, ५.६, मागचा ५.७, ५.७, ५.५. एफसीला सर्व्हिस मॅन्युअलमधली खालची मर्यादा ६.० किलो (दर चौरस सेंटिमीटरला), तीन बाजूंमधला फरक जास्तीत जास्त १.५. सगळे आकडे मर्यादेखाली, म्हणजे इंजिन गेलं, उघडावं लागेल. मी मान खाली घालून कागद खिशात ठेवला. घरी बायको म्हणाली, "किती?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "येन की रुपये?" मी म्हटलं येन. तरीपण ती उठून आत गेली.

आठवडाभरानं तोच कागद परत काढला तेव्हा कोपऱ्यात बारीक छापलेला आकडा दिसला, १९५. तो आरपीएम होता. मर्यादा जी ६.० आहे ती २५० आरपीएमला आहे! सेल्फ सावकाश फिरला की गॅसला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि आकडे पडतात, म्हणून आरपीएम बघितल्याशिवाय रोटरीचा कॉम्प्रेशनचा आकडा म्हणजे काट्याशिवाय घड्याळ. दुसरी गोष्ट, माझे सहाच्या सहा आकडे जवळपास सारखे होते. फुटलेलं इंजिन असं दिसत नाही. एक एपेक्स सील दोन बाजूंच्या मधे बसतं, ते तुटलं तर शेजारच्या दोन्ही बाजू एकदम पडतात आणि तिसरी ठीक राहते. एकच बाजू पडली तर संशय साइड सीलवर. सगळ्याच बाजू सारख्या थोड्या थोड्या कमी असतील तर एकतर इंजिन खरंच घासून म्हातारं झालंय, नाहीतर सेल्फ सावकाश आहे, नाहीतर आत पेट्रोलनं तेल धुतलंय. यातल्या दोन कारणांसाठी इंजिन उघडायची गरज नाही.

आणि हो, साध्या पिस्टनच्या गाडीचं कॉम्प्रेशन गेज लावून कोणी रोटरी चेक करून देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. ते गेज तिन्ही बाजूंतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं आणि बाकी दोन झाकले जातात. मेलेल्या इंजिनलासुद्धा पास करेल. त्याच्या नळीतला छोटा व्हॉल्व्ह काढून टाकला तर मात्र काटा तीन-तीनच्या उड्या मारतो, तेवढं बघायला उपयोग होतो, उड्या सारख्या आहेत का एवढंच, आकड्यावर जाऊ नका. जुनी गाडी विकत घेताना हे गेज खिशात ठेवा, विकणारा कितीही गोड बोलत असला तरी.

आता कण्हण्याकडे वळतो. जूनमधल्या एका रविवारी योकोहामाच्या दाइकोकू पार्किंग एरियाला गेलो होतो, तिथं गाड्यांचे शौकीन जमतात हे माहितीच असेल, शेजारी दोन एफडी (तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७) आणि एक आरएक्स-३ उभी, लोक माझ्या गाडीचे फोटो काढतायत, मी छाती काढून किल्ली फिरवली, आणि सेल्फ घुर्र... घुर्र... थांबला. चार अनोळखी लोकांनी ढकलून दिली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: चार.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं सांगितलं, म्हटलं बॅटरी नवीन आहे, बहुतेक सेल्फच बदलावा लागेल. बाबा म्हणाले, "आरं गरम झाल्यावरच जड फिरतोय न्हवं? मग बॅटरीला शिव्या घालायच्या आधी अर्थिंग बघ की लेका." मला मनातून वाटलं, बाबांना ट्रॅक्टर माहीत, यांना काय कळणार रोटरीतलं. तरी मल्टीमीटर घेतला, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. हा आकडा सेल्फ फिरत असताना साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, दोन दशांश असेल तर उत्तम. माझा १.३! म्हणजे सेल्फच्या वाटचा सव्वा व्होल्ट त्या एका वायरीतच जळत होता. वायर बाहेरून ठीक दिसत होती, पण लगवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) दाब दिल्यावर आतून हिरवी पूड गळली, तांब्याचा पार बुरसा झालेला. गरम झाल्यावर सेल्फच्या आतली वाइंडिंगही जास्त रेझिस्टन्स देतं, म्हणून थंड असताना कसंबसं भागायचं आणि गरम झाल्यावर नाही. जाड वायर, नवे लग, इंजिनकडची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत, खर्च दोन हजार येनच्या आत. परत कॉम्प्रेशन काढलं, यावेळी दुसऱ्या ठिकाणी, २५५ आरपीएम, पुढचा ६.९, ६.८, ६.७, मागचा ६.८, ६.८, ६.६. तरुण नाही, पण जिवंत. बाबांना कागदाचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "सेल्फ बदलू नको."

गरम असताना स्टार्ट न होण्यात एफसीला अजून एक जागा आहे ती सांगून ठेवतो. इंजिन तापलेलं असताना लाइनमधल्या पेट्रोलचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून गरम स्टार्टला एक सोलेनॉइड फ्यूएल रेग्युलेटरचं व्हॅक्यूम तोडतो आणि प्रेशर थोडं वाढवतो. त्याच्या रबरी नळ्या आता पस्तीस वर्षांच्या आहेत, हात लावला की बिस्किटासारख्या तुटतात. सेल्फ जोरात फिरतोय, ठेका आहे, पेट्रोलचा वास नाही आणि गरम असतानाच नखरे करतेय, तर तिथं बघा.

एवढं होऊनही पंधरा दिवसांनी गाडी परत ओव्हर. यावेळी मी तिला हलवून बंद केली नव्हती, नीट गरम होऊन बंद केली होती आणि रात्रभर उभी होती. म्हणजे पेट्रोल आत जातंय ते बंद असताना जातंय. याची परीक्षा सोपी आहे, फ्यूएल लाइनला प्रेशर गेज लावा, इंजिन बंद करा आणि काटा बघत बसा. चांगल्या गाडीत तो हळूहळू उतरतो, तासाभरानंतरही बऱ्यापैकी असतो. माझा सहा मिनिटांत शून्य. आता पेट्रोल गेलं कुठं, तर तीन वाटा, पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटरमधून रिटर्नला, नाहीतर इंजेक्टरमधून थेट इंजिनात. परत प्रेशर बनवून रिटर्नची नळी चिमट्यानं दाबली, तरी उतरला, मग सप्लायची दाबली, तरी उतरला. उरला इंजेक्टर. (जुनी कडक नळी चिमट्यानं फुटते, आधी नवीन तुकडा घाला, हे मी कसं शिकलो ते विचारू नका.)

एफसीचे प्रायमरी इंजेक्टर (स्टार्टपासून चालणारे; सेकंडरी जोर लागल्यावर चालतात) मधल्या हाऊसिंगमध्ये खाली दडलेले असतात, वरचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, माझा अख्खा शनिवार गेला आणि एक बोल्ट अजून सापडलेला नाही. रेलसकट काढून, खाली पांढरा टिश्यू ठेवून, इग्निशन ऑन न करता नुसता पंप चालवला. मागचा कोरडा. पुढच्याच्या टोकावर एक थेंब जमला, फुगला, थरथरला आणि पडला. टिश्यूवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग. वीसेक सेकंदांनी दुसरा. एवढंच. दीड वर्षाचा मनस्ताप तो एवढा थेंब होता. पस्तीस वर्षांत इंधनाचा चिकटा बसून आतली सुई पूर्ण बसत नाही, यात कंपनीची काही चूक म्हणता येणार नाही, आपले गुडघेही पस्तिशीत तसेच. अल्ट्रासॉनिक क्लीनिंगनं मागचा सुधारला, पुढचा नाहीच सुधारला म्हणून दोन्ही बदलले, ओ-रिंग सगळ्या नव्या घातल्या. जुन्या ओ-रिंग परत घालू नका, बाहेर गळलं तर पेट्रोल गरम इंजिनवर पडतं. पार्ट्सची आशा सोडू नका, माझदानं एफसी आणि एफडीचे बरेच पार्ट परत बनवायला घेतलेत, यादी अधूनमधून बघत राहा.

इंजेक्टर काढणं लगेच जमणार नसेल तर बरेच एफसीवाले पंपाच्या वायरला एक स्विच टाकतात, घरी पोचल्यावर तो बंद करायचा, इंजिन लाइनमधलं पेट्रोल संपवून स्वतः बंद पडतं, मग गळायला प्रेशरच उरत नाही. जुगाड आहे पण चालतो, मीही चार महिने यावरच काढले. टर्बो असेल तर आधी मिनिटभर आयडलवर थंड होऊ द्या.

आता ज्यांच्याकडे दुर्मिळ काहीतरी आहे, एफसीतली दोन सीटची इन्फिनी, एफडीची २००२ ची स्पिरिट आर, जी १५०० च बनली, किंवा कोणी नशीबवान असेल तर १९६७ ते ७२ मधली कॉस्मो स्पोर्ट, जिच्या दोन्ही सिरीज मिळून ११७६ गाड्या, त्यांच्यासाठी दोन शब्द. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त ओव्हर होतात त्या रोज वापरातल्या गाड्या नाहीत, ह्या! माझ्या ऑफिसातल्या एका सीनियरकडे २०१२ ची आरएक्स-८ स्पिरिट आर आहे, शेवटच्या वर्षातली, जेमतेम नऊ हजार किलोमीटर फिरलेली, आणि तो दर रविवारी कव्हर काढून ती दोन मिनिटं चालू करायचा, "बॅटरी टिकावी म्हणून", आणि पाहुणे आले की गॅरेजमधून बाहेर काढून दाखवायचा आणि परत आत. म्हणजे थंड इंजिन, भरपूर पेट्रोल, लगेच बंद, आठवड्यातून दोनदा. प्लग कोळशासारखे झाले होते, आणि कार्बन खाचेत बसून सील चिकटायला सुरुवात होते ती अशीच. त्याला म्हटलं, सर, एकतर तासभर चालवा, नाहीतर हातच लावू नका. बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा, गाडी दाखवायची असेल तर ढकलून बाहेर काढा. ऐकून त्यांना धक्काच बसला, कारण गाडीची काळजी घेतोय असंच त्यांना वाटत होतं. समजा हलवावीच लागली, तर काटा जागेवर येईपर्यंत चालू राहू द्या, शेजाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

दुर्मिळ गाडीत स्विचचा जुगाड करताना ओरिजिनल वायरिंग कापू नका. पंपाच्या रिलेच्या सॉकेटमध्ये बसणारा मधला तुकडा बनवून घ्या, म्हणजे विकताना काढून ठेवता येतो. काढलेले जुने इंजेक्टर, नळ्या, क्लिपा फेकू नका, पिशवीत घालून नाव-तारीख लिहा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ओरिजिनल, कधीच न उघडलेलं इंजिन ही अशा गाडीची अर्धी किंमत असते, ते एका १९५ आरपीएमच्या कागदावरून उघडायला देऊ नका.

ज्या गोष्टी माझ्या गाडीत निघाल्या नाहीत पण लक्षणं अशीच देतात त्या भराभर सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला एकच रोटर लंगडतो, पांढरा धूर गोडसर वासाचा, कूलंट दर आठवड्याला थोडं कमी, तर कूलंट सील गेलंय, प्लग ओला दिसेल पण पेट्रोलचा वास येणार नाही, आणि तिथं खरंच इंजिन उघडावं लागतं, काही पावडर बिवडर टाकू नका. आरएक्स-८ मध्ये कॉइल आधी तपासा, त्या मरतात, आणि लीडिंगची मेली की गाडी स्टार्टलाच रडते. इंजिन गरम असतानाच स्टार्ट होत नाही, थंड असताना होते, सेल्फ आणि अर्थिंग दोन्ही चोख आहे आणि २५० आरपीएमला आकडे तरीही खाली आहेत, तर मग झालंच, पैसे जमवायला लागा.

तेलाचं विचाराल म्हणून, हो, मी टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालतो, लिटरला पाचेक मिली. रोटरीत तेलाचा छोटा पंप सीलवर तेल सोडतच असतो म्हणून इंजिन ऑइल कमी होणं नॉर्मल आहे, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायचीच, पण पंपही पस्तीस वर्षांचा आहे, त्याच्यावर एकट्यावर किती भरवसा ठेवायचा. चेतकला लिटरला २० मिली घालायचो त्या मानानं काहीच नाही. पेट्रोल पंपावरचा पोरगा बघतो तेव्हा मात्र त्याला वाटतं मी गाडीला औषध पाजतोय.

सध्याची स्थिती अशी की इंजेक्टर बदलून सात महिने झाले, एकदाही ओव्हर झालेली नाही, प्रेशर बंद केल्यावर दोन तासांनीही टिकून असतं, दाइकोकूला दोनदा जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आलो. सेकंडरी इंजेक्टर अजून उघडलेले नाहीत, पुढच्या शाकेनच्या (जपानातल्या सक्तीच्या गाडी-तपासणीच्या) वेळी बघू. तो हरवलेला बोल्ट अजूनही गाडीतच कुठंतरी आहे, डावीकडे जोरात वळलं की टण्ण करतो.